हळदीच्या व्यापाऱ्याच्या मुलीला टेबल हवे आहे

प्रश्न : मी ३१ वर्षांची असून मूळची सांगलीची आहे. चार वर्षांपासून पुण्यात एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करते आणि कोथरूडला एकटी राहते. दीड वर्षापूर्वी टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांचे, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राच्या भूमिकेत शिरून मिळून कथा रचण्याच्या खेळांचे व्हिडिओ पाहिले आणि तेव्हापासून आपणही असे काही खेळावे, ही इच्छा मनातून जात नाही. सात फाशांचा एक संच मागवला. तो पाच महिने कपाटात पडून आहे. एका गटाला निरोप पाठवला, तर ‘आमचे कॅम्पेन तीन वर्षे चालू आहे, जागा नाही’ असे उत्तर आले. (कॅम्पेन म्हणजे अनेक बैठकांत पुढे चालत राहणारी एकच कथा.) एका रविवारी बोर्डगेम कॅफेत गेले, पण सगळे आपापल्या मित्रांबरोबर बसले होते. मी कॉफी घेऊन परत आले. मला नियम येत नाहीत. इंग्रजी वाचता येते, पण अस्खलित बोलता येत नाही. दिसलेल्या टेबलांवर बहुतेक कॉलेजच्या वयाची मुलेच होती. शिवाय जीएसटीच्या कामामुळे महिन्याच्या २० तारखेपर्यंत माझ्या सुट्टीचा भरवसा नसतो. माझे पात्र मात्र केव्हाच तयार आहे : हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी, जिला समोरचा माणूस खोटे बोलतो आहे हे चटकन कळते. मला गट कसा मिळेल, आणि मिळालेला गट चांगला आहे हे कसे ओळखावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ‘माझे पात्र केव्हाच तयार आहे’ हे वाक्य मी दोनदा वाचले. पात्राचे घर, व्यवसाय आणि अंगचा एक गुण तुम्ही कोणी न सांगता ठरवला आहे, आणि या खेळात नवख्या माणसाला सर्वांत जड जाते ते नेमके हेच. तुम्ही अडचणी म्हणून ज्या गोष्टी मांडल्या आहेत, म्हणजे नियम, इंग्रजी आणि वय, त्यांपैकी एकही गोष्ट तुम्हाला टेबलापासून दूर ठेवणारी नाही. खरी अडचण तुम्ही जाता जाता, शेवटी लिहिली आहे : वेळ. नोकरी करणाऱ्या चार-पाच माणसांनी दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या दिवशी तीन-चार तास एकत्र बसणे, ही गोष्ट पुण्यासारख्या शहरात अतिशय दुर्मीळ आहे. या खेळाचे गट बहुधा भांडणाने मोडत नाहीत. ‘या रविवारी जमणार नाही’ हे वाक्य तीन वेळा आले की ते मोडतात. म्हणून ज्या व्यक्तीला नियम येत नाहीत, पण जी सांगितलेल्या दिवशी सांगितलेल्या वेळी येते, ती कोणत्याही जाणत्या गेम मास्टरला, म्हणजे कथा सांगून खेळ चालवणाऱ्या व्यक्तीला, हवीच असते. माझे पुढचे सगळे सांगणे या एका गोष्टीभोवती आहे.

आधी तुम्हाला आलेल्या दोन अनुभवांविषयी. तीन वर्षे चाललेल्या कॅम्पेनमध्ये जागा नसणे ही साधी गणिताची बाब आहे. टेबलावर चार खेळाडू आणि एक गेम मास्टर असेल, तर चार तासांच्या बैठकीत प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण तास तरी येतो; खेळाडू सहा झाले की तो अर्ध्या-पाऊण तासाच्या मध्ये कुठेतरी अडकतो आणि लढाईच्या प्रसंगात स्वतःच्या पाळीसाठी वीस-वीस मिनिटे वाट पाहावी लागते. शिवाय तीन वर्षांत त्या मंडळींनी मिळून एक कथा रचली आहे. कोण कोणाचा भाऊ, कोणी कोणाला दगा दिला, कोणत्या गावात कोणाचे देणे आहे, हे सारे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. तुम्ही तिथे गेला असतात, तर पहिल्या दोन बैठका तुम्हाला केवळ मागचा इतिहास ऐकण्यात घालवाव्या लागल्या असत्या. तो नकार मनावर घेऊ नका. उलट, ‘तुमच्यापैकी कोणी नवख्यांसाठी एका बैठकीचा खेळ घेणार असेल तर मला कळवाल का?’ असे विचारायला हवे होते, आणि ते अजूनही विचारता येईल. तीन वर्षे टिकलेल्या गटातील माणसे शहरातील इतर दहा-बारा खेळणाऱ्यांना नक्की ओळखत असतात.

कॅफेतील अनुभव अधिक एकटे पाडणारा होता, हे मला समजते. पण बोर्डगेमच्या कॅफेत रविवारी दुपारी बसलेली मंडळी ठरवून आलेली असतात. त्यांना तुमचे वावडे नसते, त्यांना तुम्ही का आला आहात हे ठाऊकच नसते. अशा ठिकाणी खुर्चीवर बसून कोणी बोलावण्याची वाट पाहण्यापेक्षा गल्ल्यावरच्या माणसाशी बोलणे उपयोगाचे ठरते. ‘तुमच्याकडे आरपीजीचे वन-शॉट कोणत्या दिवशी होतात, ते कोण चालवते आणि त्यांचा संपर्क कसा होईल?’ एवढे तीन प्रश्न विचारा. आरपीजी म्हणजे रोलप्लेइंग गेम, आणि वन-शॉट म्हणजे एकाच बैठकीत सुरू होऊन संपणारा खेळ. त्यात पात्रे बहुधा आयती दिलेली असतात, खेळाडू एकमेकांना अनोळखी असले तरी चालते आणि खेळ संपल्यावर कोणीही कोणाला बांधील राहत नाही. काही कॅफे माणशी आकार घेतात आणि काही गेम मास्टर मानधन घेतात. त्यात गैर काहीच नाही. खेळाची तयारी करण्यात त्या व्यक्तीची एखादी संध्याकाळ गेलेली असते. पैसे किती लागतील, हे मात्र आधी विचारून घ्या.

गट शोधू नका, आधी एक संध्याकाळ शोधा, असे मी आग्रहाने सांगेन. गट म्हणजे वर्ष-दोन वर्षांचा शब्द, आणि तो अनोळखी माणसांना देऊ नये, त्यांच्याकडून मागूही नये. तीन-चार वेगवेगळ्या वन-शॉटमध्ये बसलात की कोणाबरोबर पुन्हा बसावेसे वाटते, हे तुमचे तुम्हाला कळेल आणि त्यांनाही तुमच्याविषयी कळेल.

या खेळाचा प्रसारच मुळात असा माणसाकडून माणसाकडे झाला आहे. १९७१ च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्ह अर्नेसन हे आपल्या युद्धखेळ खेळणाऱ्या मित्रांना ‘ब्लॅकमूर’ नावाच्या एका कल्पित प्रदेशात खेळवू लागले; तिथे प्रत्येक खेळाडूच्या हाती सैन्याऐवजी एकच माणूस असे. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा या गावी राहणाऱ्या गॅरी गायगॅक्स यांनी हा प्रकार पाहिला, दोघांनी मिळून नियम सिद्ध केले आणि जानेवारी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पहिल्या एक हजार प्रती निघाल्या. त्या पुस्तिका नुसत्या वाचून खेळ उमगणे फार अवघड होते. आधी खेळलेल्या कोणीतरी समोर बसवून शिकवले, तेव्हाच लोकांना तो समजला. पन्नास वर्षे झाली तरी यात फारसा फरक पडलेला नाही. म्हणून ‘येथे प्रवेश मिळेल’ अशी पाटी तुम्हाला कुठेही दिसणार नाही. तुम्हाला एक माणूस शोधायचा आहे, जो तुम्हाला दुसऱ्या माणसाकडे पाठवेल.

आता नियमांविषयी. तुमच्याच पात्राचे उदाहरण घेऊ, कारण ते या खेळात फारच नीट बसते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये प्रत्येक पात्राच्या सहा क्षमता असतात : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव पाडण्याची शक्ती. बुद्धी म्हणजे पाठ केलेले, शिकलेले. आणि शहाणपण म्हणजे माणसे ओळखणे, आजूबाजूचे ध्यानात येणे. तुमच्या हळदीच्या व्यापाऱ्याच्या मुलीचे शहाणपण १६ आहे असे समजा. नियमाप्रमाणे त्याबद्दल तिला ३ ची भर मिळते. खोटे ओळखण्याचे कौशल्य तिने कमावलेले आहे, म्हणून पहिल्या पातळीवर आणखी २ मिळतात. बाजारात एक दलाल तिला सांगतो की हा माल याच हंगामाचा आहे. तुम्ही म्हणता, ‘मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहते आहे, हा खरे बोलतो आहे का?’ गेम मास्टर मनाशी ठरवतो की हे ओळखायला १३ लागतील. तुम्ही वीस बाजूंचा फासा टाकता, त्यात ५ मिळवता. म्हणजे फाशावर ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला की काम झाले. वीसपैकी तेरा आकडे तुमच्या बाजूचे, शंभरात पासष्ट वेळा तुमची सरशी. खेळाचा गाभा एवढाच आहे : फासा, त्यात भर आणि समोर ठरवलेला आकडा. उरलेले सहा फासे, म्हणजे चार, सहा, आठ आणि बारा बाजूंचे प्रत्येकी एक आणि दहा बाजूंचे दोन, मुख्यतः इजा किती झाली अशा गोष्टींसाठी लागतात, आणि कोणता कधी उचलायचा हे शेजारचा खेळाडू आनंदाने सांगतो. दहाच्या दोन फाशांपैकी एकावर १०, २०, ३० असे दशकाचे आकडे असतात. दोन्ही मिळून शंभरापर्यंतचा आकडा काढता येतो.

घरी वाचायचेच असेल, तर पैसे खर्च करू नका. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला करण्यात आला आणि तो कोणालाही विनामूल्य मिळतो. त्यातील पात्र कसे रचावे आणि क्षमतेची चाचणी कशी होते, एवढाच भाग वाचा. मंत्रांच्या आणि राक्षसांच्या याद्या सोडून द्या. पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि २०२४ मध्ये तिचे सुधारित नियम आले, त्यामुळे ‘तुमच्या टेबलावर कोणते नियम चालतात?’ हा प्रश्न विचारून ठेवावा. शिवाय ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध खेळ असला तरी तो एकटा नव्हे. रहस्य आणि भय यांचे खेळ आहेत, केवळ बोलण्यावर चालणारे खेळ आहेत, ज्यांचे सगळे नियम एका पानावर मावतात असेही खेळ आहेत. तुमच्या पात्राचा कल पाहता, तलवारीपेक्षा वाटाघाटींना वाव देणारे टेबल तुम्हाला अधिक रुचेल, असा माझा अंदाज आहे.

इंग्रजीच्या प्रश्नावर मला थोडे अधिक बोलायचे आहे. पुस्तके इंग्रजीत आहेत, हे खरे. पात्राच्या कागदावरचे शब्दही इंग्रजी असतात. पण टेबलावर माणसे ज्या भाषेत विचार करतात, त्याच भाषेत खेळ रंगतो. पुण्यात बहुतेक ठिकाणी मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांची सरमिसळ चालते, आणि ‘मी मराठीत बोलले तर चालेल का?’ असे सुरुवातीलाच विचारले, तर नाही म्हणणारे फार थोडे भेटतील. मराठीत खेळल्याने खेळाला काही गोष्टी नव्याने मिळतात, याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी किल्लेदारासमोर उभी राहून ‘आपण’ म्हणते, दलालाला ‘तुम्ही’ म्हणते आणि वाटेत भेटलेल्या चोराला ‘तू’ म्हणते. नुसत्या सर्वनामावरून टेबलावरच्या सगळ्यांना तिचे मन कळते. ज्या बैठकीत ती दलालाला पहिल्यांदा ‘अरे’ म्हणेल, तेव्हा फासा टाकण्याआधीच सगळे सावरून बसतील. क्रियापदेही बोलतात. एखादी खेळाडू पुरुषाचे पात्र घेते तेव्हा तिला ‘मी जातो, मी पाहतो, मी घाबरलो’ असे म्हणावे लागते, आणि पहिल्या दहा मिनिटांचा संकोच ओसरला की तो ‘लो’ आणि ‘तो’ तिला पात्रात घट्ट बसवतो. आणि आपल्याकडच्या कथा या खेळाला परक्या नाहीत : २०२२ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या एका अधिकृत साहससंग्रहात ‘शंखभूमी’ हा बंगालच्या प्रेरणेने रचलेला प्रदेश आला आणि त्यातील साहस मिमी मंडल या मूळच्या कोलकात्याच्या लेखिकेने लिहिले आहे. सांगलीची हळदपेठ एखाद्या टेबलावर यायला कोणाची परवानगी लागत नाही.

पात्राच्या तोंडून बोलणे जमले नाही, तर ‘ती त्याला सांगते की माल परत घेऊन जा’ असे तृतीयपुरुषी सांगितले तरी ते पूर्णपणे खेळणेच असते. व्हिडिओत दिसणारी माणसे अनेकदा व्यावसायिक आवाजी कलाकार असतात. त्यांच्यासारखे बोलता येत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. मी पहिल्यांदा खेळायला बसले, तेव्हा जवळजवळ तासभर एक शब्दही बोलले नव्हते. मग गेम मास्टरने माझ्याकडे वळून शांतपणे विचारले, ‘कंदील तुझ्या हातात आहे. तो तू उंच धरला आहेस की पदराआड?’ मी म्हणाले, ‘पदराआड.’ त्या एका शब्दावरून पुढचा सगळा प्रसंग बदलला, कारण अंधारात उभा असलेला पहारेकरी आम्हाला पाहू शकला नाही. असा प्रश्न विचारणारा गेम मास्टर तुम्हाला भेटला, तर त्याला सोडू नका.

आता कुठे शोधायचे, ते सांगते. कॅफेतील वन-शॉट ही एक वाट झाली. दुसरी वाट डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरील शहराच्या किंवा भारतभरातील खेळाडूंच्या गटांची. तिथे ‘खेळाडू हवे आहेत’ अशा सूचना येत असतात, आणि रोल-ट्वेंटीसारख्या आभासी टेबलावर घरबसल्या खेळता येते. ऑनलाइन बसण्याचा एक लाभ असा की तुमच्या वेळेशी जुळणारी माणसे शहराबाहेरही मिळतात. पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे दहा किंवा अकरा वाजलेले असतात. तिकडे गेलेली एखादी मामेबहीण किंवा कॉलेजची मैत्रीण मराठीत खेळायला मिळणार म्हणून सकाळी उठून बसेल. तिसरी वाट मला सर्वांत भरवशाची वाटते, आणि तिचा विचार कमी लोक करतात : नाटकवाले. पुरुषोत्तम किंवा फिरोदिया करंडकासाठी कधीकाळी रात्र-रात्र तालमी केलेली आणि आता नोकरीत अडकलेली माणसे पुण्यात अनेक कार्यालयांत बसली आहेत. समोरच्याचे वाक्य झेलून पुढे न्यायचे, हे त्यांच्या अंगात मुरलेले असते, आणि त्यांना तालमीसाठी तीन महिने देता येत नसले तरी एक रविवार देता येतो. तुमच्या कार्यालयात अशी एक तरी व्यक्ती निघेल; जेवणाच्या सुट्टीत विषय काढून पाहा.

सूचना लिहिताना नवखे लोक बहुधा ‘मला खेळायचे आहे, कोणी घेईल का?’ एवढेच लिहितात आणि त्याला उत्तर येत नाही, कारण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. तुम्ही असे लिहून पाहा : ‘नमस्कार. मी पुण्यात नोकरी करते. टेबलटॉप आरपीजी अजून एकदाही खेळलेले नाही. पाचव्या आवृत्तीचे प्राथमिक नियम वाचले आहेत आणि फासे माझ्याकडे आहेत. महिन्याच्या २० तारखेनंतरचे रविवार मला दुपारी २ ते रात्री ८ मोकळे असतात आणि त्या दिवशी मी नक्की येऊ शकते. नवख्यांसाठी वन-शॉट असल्यास एक जागा मिळावी. मराठी किंवा मिश्र भाषेचे टेबल आवडेल. लढाईपेक्षा वाटाघाटी आणि रहस्य यांत मला अधिक रस आहे.’ यात ‘नक्की’ हा शब्द ठेवा आणि तो पाळा. २० तारखेपर्यंत वेळ नसणे ही तुम्ही अडचण म्हणून सांगितली आहे. गेम मास्टरच्या दृष्टीने ती नेमकी माहिती आहे, आणि ‘बघू, जमलं तर येते’ म्हणणाऱ्या चौघांपेक्षा महिन्यातील एक रविवार नक्की देणारी एक व्यक्ती त्याला हवी असते. घराचा पत्ता आणि फोन नंबर मात्र सार्वजनिक सूचनेत लिहू नका.

तुमचा दुसरा प्रश्न चांगला गट ओळखण्याचा. पहिली भेट कॅफेत किंवा अशाच सार्वजनिक ठिकाणी असावी आणि आपण कुठे आहोत, किती वाजता निघणार, हे एका मैत्रिणीला कळवून ठेवावे. अनोळखी व्यक्तीच्या घरी पहिलीच बैठक असेल, तर नम्रपणे नाही म्हणा. समजूतदार मंडळी त्याचा राग धरत नाहीत, आणि ज्यांना राग येतो त्यांच्याविषयी तुम्हाला हवी ती माहिती मिळालेली असते.

लांबचे कॅम्पेन सुरू करण्याआधी जाणते गट एक बैठक केवळ बोलण्यासाठी ठेवतात. तिला सेशन झिरो म्हणतात. कथा कोणत्या वळणाची असेल, किती गंभीर असेल, कोणते विषय टेबलावर मुळीच यायचे नाहीत आणि कोणते आले तरी पडद्याआड ठेवायचे, हे तिथे ठरते. या दोन प्रकारांना अनुक्रमे ‘लाइन्स’ (रेषा) आणि ‘व्हेल्स’ (पडदे) म्हणण्याची पद्धत रॉन एडवर्ड्स या खेळरचनाकाराने रूढ केली. जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी सुचवलेले ‘एक्स-कार्ड’ त्याहूनही साधे आहे : टेबलाच्या मध्यभागी फुली मारलेले एक कार्ड ठेवायचे आणि चाललेला प्रसंग कोणाला सहन होत नसेल, तर त्याने कार्डाला हात लावायचा, कारण सांगावे लागत नाही, प्रसंग तिथेच बदलला जातो. ‘तुमच्याकडे सेशन झिरो होते का, एक्स-कार्ड ठेवता का?’ हे विचारा. तसे कार्ड न ठेवणारेही उत्तम गट असतात, म्हणून उत्तरापेक्षा उत्तर देण्याची रीत पाहा. ‘आम्ही कार्ड ठेवत नाही, पण कोणालाही थांबायला सांगता येते’ हे चांगले उत्तर आहे. ‘आमच्याकडे असले नाजूक लोक खेळत नाहीत’ असे कोणी म्हणाले, तर कॉफीचे पैसे देऊन उठावे.

प्रत्यक्ष खेळताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. गेम मास्टर गप्प बसलेल्या खेळाडूकडे स्वतःहून वळतो का? जुना खेळाडू तुमच्या पाळीत तुम्हाला पर्याय सांगतो, की तुमचा निर्णयच परस्पर घेऊन टाकतो? आणि तुमच्या पात्रावर कोणी न विचारता प्रेमप्रसंग लादतो का, किंवा ‘माझे पात्र तसेच आहे’ असे म्हणून अपमान करतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर त्या टेबलावर दुसऱ्यांदा जाऊ नका आणि त्याचे स्पष्टीकरण देत बसू नका. पात्राच्या आडून बोलणारा माणूस खराच असतो. शहरात टेबले कमी आहेत म्हणून वाईट टेबल सोसावे, असे मला मुळीच वाटत नाही. त्या दिवशी घरी बसून पुस्तक वाचलेले अधिक बरे.

तुमच्याकडूनही टेबलाला काही हवे असते. वेळेवर जा, फोन पिशवीत ठेवा, पेन्सिल आणि खोडरबर न्या, कारण पात्राच्या कागदावरचे आकडे सतत बदलतात. दुसऱ्याची पाळी चालू असताना ऐका. आधी कोणी काय केले हे लक्षात ठेवून तुम्ही तुमची कृती त्याला जोडलीत, तर पहिल्याच दिवशी लोक तुम्हाला जुनी खेळाडू समजतील. सगळ्यांसाठी चिवड्याचा एक डबा नेलात तर उत्तम, पण कागदांवर आणि फाशांवर तेलकट बोटे लागू नयेत म्हणून सोबत चमचे न्या. खेळ संपल्यावर गेम मास्टरला कोणता प्रसंग आवडला ते नेमके सांगा. ‘मजा आली’ हे सगळेच म्हणतात. ‘पुलावरच्या म्हातारीचे बोलणे मला फार आवडले’ असे क्वचित कोणी म्हणते, आणि त्यानंतरचे बोलावणे बहुधा अशाच माणसाला येते.

दोन-तीन महिन्यांत असे काहीच जमले नाही, तर तुम्ही स्वतः खेळ चालवा. हे ऐकून धास्ती वाटेल, पण नवख्यांसाठीच काढलेले प्रारंभिक संच मिळतात, त्यांत आयती पात्रे आणि तयार साहस असते. समोर बसलेल्या तिघांनाही नियम ठाऊक नसतील, तर तुमची चूक दाखवणारे तिथे कोणीही नसते. कार्यालयातील एक सहकारी, शेजारच्या सदनिकेतील एक मुलगी आणि आतेभाऊ, एवढी तीन माणसे पुरतात. पहिला खेळ तीन तासांत संपवा आणि उठण्याआधीच पुढची तारीख ठरवा. ‘नंतर ग्रुपवर ठरवू’ म्हटले की ती तारीख कधीही येत नाही. गणपतीत आणि दिवाळीत खंड पडणार हे गृहीत धरा, आणि मार्चअखेर तर तुम्हीच नसाल, तेही आधी सांगून टाका. चौघांपैकी एक जण आला नाही तरी खेळायचे, असा नियम पहिल्याच दिवशी करा. टिकलेल्या गटांमध्ये हा नियम मी हमखास पाहिला आहे.

वयाचे उत्तर थोडक्यात देते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला तेव्हा गॅरी गायगॅक्स ३५ वर्षांचे होते. कॅफेत रविवारी दुपारी कॉलेजची मुले दिसतात, कारण त्यांना रविवारी दुपारी वेळ असतो. तुमच्या वयाची माणसे रात्री नऊनंतर, मुले झोपल्यावर, कोणाच्या तरी घरी किंवा ऑनलाइन खेळतात आणि म्हणून दिसत नाहीत. कॉलेजच्या मुलांबरोबर एकदा बसूनही पाहा. हळदीचा भाव आणि उधारीचे हिशेब ठाऊक असलेले पात्र त्यांच्या टेबलावर क्वचितच आलेले असेल.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात राहून गेली आहे. त्या मुलीचे नाव तुम्ही लिहिलेले नाही. टेबलावर बसल्यावर पहिला प्रश्न तोच येतो, तेव्हा या महिन्याच्या २० तारखेपर्यंत ते ठरवून ठेवा.